मे महिना, मालवण आणि ऑस्मो अ‍ॅक्शन ४: खाऱ्या पाण्यात कितपत चालतो?

परीक्षा आटोपली, सीईटी झाली, की गावी निघालेल्या पोरांच्या डोक्यात सध्या एकच वस्तू घोळत असते: अ‍ॅक्शन कॅमेरा. तारकर्लीला स्कूबा, देवबागच्या संगमावर होडी, पहाटेची रापण (किनाऱ्यावरून जाळं ओढून करायची मासेमारी), आंब्याच्या झाडावरून खाली बघणारा शॉट असा सगळा बेत एप्रिलमध्येच ठरलेला असतो. मग कॅमेरे बघायला सुरुवात होते. पण बहुतेक परीक्षणं बर्फात नाहीतर डोंगरातल्या सायकलवर केलेली असतात. त्यांत खारं वारं नसतं, तांबडी माती नसते, वळवाच्या पावसात गेलेली लाइट नसते. म्हणून डीजेआय कंपनीचा ऑस्मो अ‍ॅक्शन ४ इथे फक्त कोकणातल्या उन्हाळ्याच्या हिशेबाने बघूया.

हा कॅमेरा ऑगस्ट २०२३ मध्ये आला, म्हणजे अगदी नवा नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये ऑस्मो अ‍ॅक्शन ५ प्रो आला आणि नवं ते हवं असणाऱ्यांची नजर तिकडे गेली. त्यात ४७ जीबी जागा आतच आहे, बॅटरी १७७० ऐवजी १९५० मिलीअँपिअर-अवरची आहे, वेगळ्या कवचाशिवाय १८ ऐवजी २० मीटर खोल जाता येतं आणि पडदे जास्त उजळ आहेत. हे सगळं चांगलंच आहे. पण मालवणात पहिल्यांदा स्कूबा करणाऱ्याला नेतात ते पाच-सात मीटरच्या आसपास. १८ आणि २० मधला फरक तिथे कागदावरच राहतो. दोन्हींतला प्रकाश टिपणारा सेन्सर १/१.३ इंचाचाच आहे, दोन्ही ४के दर्जात सेकंदाला १२० फ्रेमपर्यंत जातात. विद्यार्थ्याचं बजेट ठरलेलं असेल तर ४ घ्या आणि वाचलेल्या पैशांत दुसरी बॅटरी, तरंगणारी मूठ आणि चांगलं कार्ड घ्या. या तीन वस्तूंशिवाय ५ प्रो घेणाऱ्यापेक्षा तुमची सुट्टी बरी जाईल. शिवाय ५ प्रोची मोठी बॅटरी ४ मध्येही बसते, त्यामुळे दुसरी बॅटरी घेताना तीच मिळाली तर उत्तम.

गोप्रोचं नाव मोठं आहे आणि त्यांचा २०२४ चा छोटा ‘हीरो’ हातात घेतला की मोह होतोच, वजन अवघं ८६ ग्रॅम. पण त्याची बॅटरी काढता येत नाही आणि तो ५ मीटरपर्यंतच जलरोधक आहे. दुपारी बारा वाजता बॅटरी संपली आणि गावात लाइट नसली, तर तो कॅमेरा संध्याकाळपर्यंत खिशातच. कोकणात मे महिन्यात बॅटरी बदलता येणं ही चैन नाही, गरज आहे.

आता डब्यातून काढल्यावरची पहिली अडचण. कॅमेरा वापरण्याआधी तो मिमो नावाच्या अ‍ॅपमधून सक्रिय करावा लागतो. हे काम काही वेळा पुढे ढकलता येतं, नंतर कॅमेरा अडून बसतो. अँड्रॉइडवर मिमो प्ले स्टोअरमध्ये मिळत नाही. कंपनीच्या संकेतस्थळावरून फाइल उतरवून, ‘अनोळखी स्रोत’ची परवानगी देऊन बसवावं लागतं. फाइल मोठी असते. हे काम देवबागच्या वाडीत, जिथे नेटवर्कची एक दांडी येते-जाते, तिथे करायला बसू नका. मुंबई-पुण्यातच वायफायवर सक्रिय करा, फर्मवेअरचं, म्हणजे कॅमेऱ्यातल्या सॉफ्टवेअरचं, नवं रूप असेल तर तेही चढवा आणि दहा मिनिटांचा एक व्हिडिओ काढून तो फोनमध्ये येतो का ते पाहा. याच वेळी बिलावर भारतातली वॉरंटी लिहिली आहे ना, तेही तपासा. बाहेरून आणलेला स्वस्त माल दुरुस्तीच्या वेळी महाग पडतो.

अ‍ॅक्शन ४ मध्ये आत जागा नाही, त्यामुळे मायक्रोएसडी कार्ड लागतंच. ५१२ जीबीपर्यंत चालतं. हिशेब सोपा आहे: कॅमेरा जास्तीत जास्त १३० मेगाबिट प्रति सेकंद वेगाने लिहितो, म्हणजे सेकंदाला सुमारे १६ मेगाबाइट, तासाला ५८ जीबीच्या आसपास. १२८ जीबीच्या कार्डात सर्वांत वरच्या दर्जाचा व्हिडिओ जेमतेम दोन तास मावतो. कार्डावर ‘व्ही३०’ हे लिहिण्याच्या वेगाचं चिन्ह हवं. फार स्वस्तात मिळणाऱ्या कार्डांत नकली माल बराच असतो. त्यांवर क्षमता ५१२ लिहिलेली असते आणि ३२ जीबी भरल्यावर पुढच्या फाइल बिघडायला लागतात. घरच्या संगणकावर कार्ड काठोकाठ भरून परत वाचून बघा, मगच पिशवीत टाका. आणि कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा.

बॅटरीबद्दल कंपनी १६० मिनिटं सांगते. तो आकडा प्रयोगशाळेतला आहे: १०८०पी, २४ फ्रेम, पडदा बंद, वायफाय बंद. ४के ५० फ्रेमवर, पडदा चालू ठेवून, उन्हात काम करणाऱ्याने त्याच्या निम्मा वेळ धरून चालावं. चार्जिंगचा वेग मात्र खरंच चांगला आहे. १८ मिनिटांत ८० टक्के भरते, पण त्यासाठी ३० वॅटचा पीडी (यूएसबी-सीवरून जलद भरणारा) चार्जर लागतो आणि तो वेगळा घ्यावा लागतो. फोनच्या जुन्या दहा वॅटच्या चार्जरवर हीच बॅटरी एक तासाहून जास्त घेते. पॉवर बँक नेत असाल तर १०,००० मिलीअँपिअर-अवरची पुरते. ही बॅटरी सुमारे ६.८ वॅट-अवरची आहे. पॉवर बँकेत ३७ वॅट-अवर असले तरी रूपांतरात तिसरा हिस्सा जातो असं धरा, म्हणजे तीन वेळा निवांत भरता येते. चौथ्या वेळेची आशा धरू नका, फोनलाही तिथूनच प्यायचं असतं.

पाण्यात

१८ मीटरचा दावा खरा असला तरी त्याला अटी आहेत. बॅटरीचं झाकण आणि यूएसबी-सीचं झाकण, दोन्ही पूर्ण बसलेली हवीत. शिवाय लेन्सवरची संरक्षक काच फिरवून निघते; ती सैल असेल तर दावा तिथेच संपला. कॅमेरे बुडतात ते खोलीमुळे क्वचितच. रबराच्या कडेवर अडकलेला वाळूचा एक कण किंवा एक केस अर्ध्या मीटरच्या पाण्यातही पुरेसा असतो. म्हणून नियम असा ठेवा: झाकण उघडायचं ते किनाऱ्यावर नाही, पडवीत. बॅटरी बदलायची असेल तर आधी हात कोरडे, मग कॅमेरा कोरडा, मग झाकणाची बाजू खाली करून उघडा, म्हणजे कडेला थांबलेला थेंब आत न जाता बाहेर पडतो. रबराची कड सुती नसलेल्या, धागे न सुटणाऱ्या फडक्याने पुसा. त्यावर खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन चोळायचं नाही. त्याला वाळू चिकटते.

हा कॅमेरा पाण्यात तरंगत नाही. वजन १४५ ग्रॅम, आकार साधारण ७ बाय ४.४ बाय ३.३ सेंटिमीटर, म्हणजे शंभर घन सेंटिमीटरच्या आसपास पाणी बाजूला सारतो. उरलेले चाळीस-पंचेचाळीस ग्रॅम त्याला तळाला नेतात. मालवणच्या खडकाळ भागात हातातून सुटला तर शोधायचा कोणी? तरंगणारी मूठ घ्याच आणि तिची दोरी मनगटात घाला. चुंबकाची झटपट बसणारी पट्टी हे या कॅमेऱ्याचं मोठं सुख आहे, एका हाताने काढा-लावा. पण त्या पट्टीत वाळू गेली की दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या अर्धवट बसतात. लावल्यावर एकदा ओढून बघायची सवय लावा. लाटेत उडी मारताना किंवा जेट स्कीवर तर ओढून बघितल्याशिवाय निघू नका.

पाण्याखाली स्पर्शाचा पडदा चालत नाही. वरच्या बटणाने चालू-बंद करायचं, त्यामुळे सगळी मांडणी पाण्यात उतरण्याआधी करून ठेवा आणि पडदा कुलूपबंद करा, नाहीतर लाटच मोड बदलून टाकते.

पहिल्यांदा स्कूबा करणाऱ्याने कॅमेरा हातात घेऊच नये. त्या वेळी हात प्रशिक्षकाच्या इशाऱ्यांसाठी आणि नळीसाठी मोकळे हवेत. बऱ्याच ठिकाणी व्हिडिओ पॅकेजमध्येच असतो. स्वतःचा कॅमेरा प्रशिक्षकाकडे देता येईल का ते आधी विचारा. स्नॉर्केलिंगला मात्र हा कॅमेरा मजेत चालतो. फक्त अपेक्षा जरा आवरती ठेवा. मे महिन्यात मालवणचं पाणी डिसेंबर-जानेवारीसारखं नितळ नसतं. रुंद लेन्समध्ये दोन मीटरवरचा मासा तांदळाच्या दाण्याएवढा दिसतो आणि मधलं गढूळपण त्याला आणखी पुसून टाकतं. जवळ जा, मीटरभरावर. हातभराच्याही आत गेलात तर चित्र मऊ पडतं, कारण फोकस स्थिर आहे. लाल रंगाची काच कमी खोलीच्या गढूळ पाण्यात लावू नका. प्रकाश कमी होतो आणि हिरव्याचं तपकिरी होतं, बाकी काही हाती लागत नाही. आणि हो, प्रवाळांवर उभं राहून शॉट घ्यायचा नाही. मालवणचा हा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे.

पाण्याच्या वर आल्यावर काचेवर थेंब राहतात आणि पुढचा सगळा व्हिडिओ त्या थेंबांमागून दिसतो. यावर सगळ्यांत स्वस्त उपाय म्हणजे काच चाटणं. थुंकीने पाण्याचा थेंब न बनता सपाट पापुद्रा पसरतो. ऐकायला किळसवाणं, पण चालतं. आवाजाचंही तसंच आहे. बुडी मारून वर आल्यावर माइकच्या छिद्रात पाणी राहतं आणि दोन-चार मिनिटं बोलणं घागरीतून आल्यासारखं येतं. कॅमेरा उलटा करून झटका, फुंकू नका.

मीठ

मिठाची गंमत अशी की ते पाण्यात असताना फार नुकसान करत नाही, वाळल्यावर करतं. स्फटिक बटणांच्या फटीत, माइकच्या जाळीत आणि लेन्सच्या कडेला बसतात आणि तेच मग काचेवर घासले जातात. म्हणून समुद्रातून आल्यावर मीठ वाळायच्या आत, झाकणं बंदच ठेवून, गोड्या पाण्यात वीसेक मिनिटं बुडवून ठेवा. बुडलेला असतानाच बटणं आठ-दहा वेळा दाबा. नळाची धार किंवा गाडी धुवायचा फवारा मारू नका, जोराच्या धारेचा दाब कड ओलांडू शकतो.

गोडं पाणी म्हणताना एक लक्षात ठेवा. किनाऱ्यालगतच्या विहिरी मे महिन्यात मचूळ होतात. ज्या पाण्याचा चहा खारट लागतो त्या पाण्यात कॅमेरा भिजवून उपयोग नाही. पिण्याचं पाणी लिटरभर बाजूला काढा. सावलीत, पंख्याखाली वाळवा. तापलेल्या जांभ्याच्या पायरीवर किंवा पत्र्यावर नाही. आधी धुवा, मग पुसा, हा क्रम कधीच उलटा करू नका. टॉवेलने पुसलं तर वाळू काचेवर फिरते. तांबड्या मातीचंही तेच. एसटीने गावात उतरेपर्यंत पिशवीतला कॅमेरा तांबडा झालेला असतो, तो फुंकणीने किंवा मऊ ब्रशने झटका.

‘फोनच आयपी६८, म्हणजे जलरोधक, आहे, कॅमेरा कशाला?’ हा प्रश्न घरचे विचारणारच. त्याचं उत्तर मिठातच आहे. आयपी६८ ची चाचणी गोड्या पाण्यात होते. समुद्रात बुडवलेला फोन ओलसर असतानाच चार्जिंगला लावला की खाऱ्या पाण्यातून वीज वाहते आणि पोर्टच्या पिना हिरव्या-काळ्या पडायला वेळ लागत नाही. फोन हा तिकीट, पैसे आणि आईचा फोन घेण्याचं साधन आहे. तो किनाऱ्यावरच असू दे.

काच आतून धुकटते, तीही याच दिवसांत. एसी खोलीतून एकदम बाहेरच्या दमट हवेत कॅमेरा नेला की बाहेरून वाफ धरते, ती पाच-दहा मिनिटांत जाते. आतून धरलेली वाफ मात्र दमट हवेत झाकण उघडल्याची खूण आहे. बॅटरी-कार्ड बदलायचं काम एसी खोलीत किंवा निदान कोरड्या जागी करा.

ऊन, होडी, रापण, रात्र

कंपनीने कमाल तापमान ४५ अंश दिलंय आणि कोकणात हवा ३३-३४ च्या वर फारशी जात नाही, मग तापतो कशाला? कारण काळा कॅमेरा उन्हात स्टँडवर उभा असतो, वारा त्याच्या अंगाला लागत नाही आणि ४के १२० फ्रेमला आतली चिप स्वतःच तापते. चालत्या होडीत तोच कॅमेरा तक्रार करत नाही. स्थिर ठेवायचा असेल तर १०८०पी किंवा ४के २५ वर या, दोन-तीन मिनिटांचे तुकडे घ्या, मधे बंद करा. वर माडाच्या झावळीचा तुकडा धरला तरी फरक पडतो.

२५ आणि ५० हे आकडे मुद्दाम सांगितले. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची आहे. ३० किंवा ६० फ्रेमवर ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी व्हिडिओत लुकलुकतात. सेटिंगमध्ये ‘अँटी-फ्लिकर’ ५० हर्ट्‌झ करा, मग लग्नाचा मांडव असो की रात्रीचा दशावतार, पट्टे फिरणार नाहीत. दशावताराला आणखी दोन गोष्टी. कॅमेरा स्टँडवर ठेवून रॉकस्टेडी, म्हणजे चित्राचं स्थिरीकरण, बंद करा. अंधारात शटर हळू होतं आणि स्थिरीकरण चालू असेल तर प्रत्येक हालचालीला चित्र लिबलिबतं. आयएसओची (प्रकाशाला संवेदनशीलतेची) कमाल मर्यादा १६०० किंवा ३२०० ठेवा, नाहीतर रंगमंचामागचा काळोख दाणेदार राखाडी होतो आणि राजाचा चेहरा पांढराफटक. मोठा सेन्सर इथे कामाला येतो. या किमतीतल्या लहान कॅमेऱ्यांपेक्षा रात्रीचं चित्र ठळकपणे बरं असतं, फोनच्या रात्रीच्या मोडइतकं मात्र नाही. आवाज आतल्या माइकवर भागतो, पखवाज-झांजेच्या अगदी जवळ बसलात तर फाटतो. पाच-सात मीटर मागे बसा. बाहेरचा माइक यूएसबी-सीला जोडायचा तर झाकण उघडावं लागतं, म्हणजे त्या वेळी तो जलरोधक राहत नाही.

होडीत क्षितिज डुलतं. त्यासाठी ‘होरायझन बॅलन्सिंग’ चालू करा, ४५ अंशांपर्यंतचं डुलणं ४केमध्येही सरळ होतं. पूर्ण ३६० अंशांवर क्षितिज धरणारं ‘होरायझन स्टेडी’ हवं असेल तर २.७के वर उतरावं लागतं. चिकटवायची पट्टी ओल्या लाकडाला, जांभ्याला, धूळ बसलेल्या हेल्मेटला धरत नाही. गुळगुळीत पृष्ठभाग स्पिरिटने पुसून लावा आणि एक दिवस तशीच राहू द्या. आंब्यावरून शॉट घ्यायचा तर झेल्याची काठी हा उत्तम स्टँड आहे. फक्त कॅमेरा झेल्याच्या तोंडाजवळ बांधू नका, देठाचा चीक काचेवर पडला की सहजी निघत नाही.

रापणीला पहाटे जायचं तर आधी विचारून जा. ओढणाऱ्यांच्या दोरीच्या आत उभं राहू नका. मासळीच्या लिलावात विकायला बसलेल्या बायकांच्या तोंडासमोर कॅमेरा धरण्याआधी परवानगी घ्या, मग त्याच तुम्हाला चांगला सुरमय कुठला ते दाखवतील. ड्रोनचा विचार या दौऱ्यापुरता सोडा. चिपीचा विमानतळ जवळ आहे, सिंधुदुर्ग किल्ला संरक्षित स्मारक आहे आणि तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे.

वेळापत्रकाचीही एक गोष्ट. जलक्रीडा मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात बंद होतात आणि सप्टेंबरपर्यंत उघडत नाहीत. निकालानंतर निवांत जाऊ म्हणणाऱ्यांना कॅमेरा नुसता बिचवर फिरवावा लागतो. पाण्यात जायचं तर १५ मेच्या आधीचा बेत करा.

परत आल्यावर सगळं फोनमध्ये वायफायने ओढायला बसू नका, ५० जीबीला तास जातात आणि बॅटरीही. कार्ड रीडर ओटीजीने, म्हणजे फोनच्या यूएसबी जोडणीने, लावा. व्हिडिओ बरेचदा एच.२६५ या जास्त दाबून बसवलेल्या स्वरूपात असतो, जुन्या फोनवर संपादन अडखळतं. इन्स्टावरच टाकायचं असेल तर सरळ १०८०पी मध्येच शूट केलेलं काय वाईट? ‘डी-लॉग एम’ नावाचा फिका रंगमोडही टाळा. रंग नंतर चढवायला वेळ आणि डोळा दोन्ही लागतात, सुट्टीत सहसा दोन्ही नसतात.

जूनमध्ये पाऊस लागला की कॅमेरा कपाटात जातो आणि तिथेच काचेवर बुरशी धरते. बॅटरी निम्मी भरून कॅमेऱ्याबाहेर काढा, कार्ड काढा, हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या चार पुड्या टाकून ठेवा. तांदूळ घालू नका, त्याची भुकटी पोर्टमध्ये जाते. पुडीचे दाणे रंग बदलणारे असतील तर रंग उतरला की तव्यावर मंद आचेवर गरम करून परत वापरता येतात. गणपतीला बाहेर काढाल तेव्हा आधी बॅटरी भरा, मग दोन्ही झाकणांच्या कडा बोटाने चाचपा. पावसाळ्यात रबर कडक झालं असेल, तर विसर्जनाच्या पाण्यात उतरताना कॅमेरा किनाऱ्यावरच्या भावाकडे द्या.